पाण्याला भिणाऱ्या अक्का

अक्कांना पोहता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून लोक हमखास विचारतात, "म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्या असतील ना?" नव्हत्या. पाण्याला इतक्या भ्यायच्या की धरणाच्या काठावर खुर्ची टाकायची तीसुद्धा पार वर, बाभळीखाली. लाटेचा शिंतोडा आला तरी पदर सावरून खुर्ची मागं सरकवायच्या. आणि आमच्या जलरक्षक दलाच्या अध्यक्ष त्याच होत्या.

"पव्हता येत न्हाई म्हणूनच मी अध्यक्ष हाय," त्या म्हणायच्या. "पव्हणाऱ्याचं भेव मरतं. भेव मेलं की माणूस मरतंय."

त्यांचं गाव कर्नाटकात, आळंद तालुक्यात, खजुरीच्याही पुढं, महाराष्ट्राच्या हद्दीला चिकटून. धरण झालं, पाणी तुंबलं, गाव अलीकडं राहिलं आणि निम्म्या लोकांची शेतं पलीकडं गेली. मधे पूल नाही. रस्त्यानं जायचं तर अर्धा तालुका फिरून जावं लागतं. म्हणून लोक काहिलीत बसून पलीकडं जातात. होय, काहिलीत. गुऱ्हाळावर उसाचा रस आटवायची ती रुंद लोखंडी कढई. ती पाण्यात सोडायची, आत बायकापोरं, खताची पोती, एखादी शेळी बसवायची, आणि एकानं फळीनं पाणी मारत न्यायची. गूळ करायच्या भांड्यात माणसं भरायची, आणि सरकारी कागदात याला 'स्थानिक पर्यायी व्यवस्था' म्हणायचं! हा शब्द ज्यानं काढला त्याला एकदा त्या काहिलीत बसवायला हवं, असं मी तेव्हा पत्रकात लिहिलं होतं. आजही लिहीन.

मी मैलूरची. बिदरला कॉलेजात असताना पत्रकं लिहायला शिकले आणि पुढं दुसरं काही धड शिकले नाही. पुलाच्या मागणीचं माझं पहिलं पत्रक घेऊन त्या गावात गेले, तेव्हा लोकांनी मला थेट अक्कांच्या ओसरीवर नेऊन सोडलं. मराठी शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अंगावर इरकली लुगडं, गळ्यात मंगळसूत्र आणि मंगळसूत्रालाच अडकवलेली पितळी शिट्टी. चष्मा वर करून त्यांनी पत्रक हातात घेतलं.

"तू लिवलीस?"

"हो."

"वाच बरं."

मी जोरात वाचलं, "'निद्रिस्त प्रशासना, आता तरी जागा हो!'"

"प्रशासन कुठं ऱ्हातंय?"

"गुलबर्ग्याला."

"मग हितं कामून वाटायलीस बाई? हितं समदे जागेच हायत. काहिलीत बसल्यावर झोप येती व्हय कुणाला?"

ओसरीवरची माणसं फिदीफिदी हसली. मला राग आला. अक्कांनी पत्रक उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. "एवढा कागद वाया घालिवलीस. हितं लिही, तेलाचा रिकामा कॅन पोटाला बांधल्याबिगर काहिलीत बसू नये. मोठ्या अक्षरात. चित्र काढ."

तेव्हापासून माझी सगळी पत्रकं दोन तोंडांची निघाली. पुढं माझी मागणी, मागं अक्कांचा हुकूम. लोकांनी भिंतीला चिकटवली ती सगळी माझी बाजू आत करून.

*

दल त्यांनी कसं काढलं तेही ऐका. समुद्रकिनाऱ्यावर बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या स्वयंसेवकांची एक मोठी संस्था आहे. धरणांवरही माणसं बुडतात हे ध्यानात आल्यावर तिनं आतल्या जिल्ह्यांत शाखा काढायचं ठरवलं. अक्कांनी कुणाकडून तरी ऐकलं, फोन केला आणि शाखा मिळवली. समुद्र आमच्यापासून एवढा लांब की गावातल्या निम्म्या लोकांनी तो टीव्हीतच पाहिलेला. पण पेटी आली. बिल्ले आले, कानडीतलं मार्गदर्शक पुस्तक आलं आणि भरती-ओहोटीचं कॅलेंडर आलं.

दुसऱ्या कुणी ते कॅलेंडर रद्दीत घातलं असतं. अक्कांनी ते ओसरीवर देवाच्या फोटोशेजारी लावलं आणि रोज सकाळी चहाबरोबर वाचलं. "आज मंगळूरला मोठी भरती हाय. समदे सांभाळून." लोकही माना डोलवायचे. पुस्तकातला जेलीफिश डसल्यावर काय करावं हा धडा त्यांनी आमच्याकडून पाठ करून घेतला. मी म्हटलं, "अक्का, आपल्या धरणात जेलीफिश कुठून येणार?"

"परीक्षेला येतंय," त्या म्हणाल्या. परीक्षा त्याच घ्यायच्या.

पण त्यांचं खरं पुस्तक डोक्यात होतं. त्यांचा नियम असा: आधी बोलायचं, मग काठी द्यायची, मग पटका टाकायचा, मग दुसरी काहील न्यायची. उडी नाही. कधीच नाही. दलात येतानाच शपथ घ्यावी लागे, उडी मारणार नाही म्हणून. पोहणारी तरणी पोरं हसून निघून गेली. राहिले कोण? डोक्याला पटका बांधणारे म्हातारे आणि नऊवारीतल्या बायका. अक्कांना तेच हवे होते. "ह्यांच्या अंगावरच दोरी हाय," त्या म्हणायच्या. "घरी इसरून यायची भीती न्हाई."

पटक्याचं प्रकरण मात्र सोपं गेलं नाही. आमच्याकडं पटका चारचौघांत उतरवत नाहीत. मयताला उतरवतात, नाहीतर कुणाच्या पाया पडून हरलो म्हणायचं असेल तेव्हा. तुळजप्पा तात्या दलातले सगळ्यात म्हातारे आणि सगळ्यात हट्टी. ते पहिल्याच दिवशी उठून उभे राहिले.

"अक्का, बोडक्या डोक्यानं मी लोकांत उभा ऱ्हाऊ? ह्या वयात?"

"नगा ऱ्हाऊ तात्या. पटका घट्ट बांधा आन् पोराच्या तिरडीमागं चाला. तितं शोभतोय."

तात्यांनी हात डोक्याकडं नेला. मग पटका सोडला. पांढरं टक्कल उन्हात असं चमकलं की बायकांनी तोंडाला पदर लावला. "हसा, हसा," तात्या म्हणाले. "बुडायला लागला की हेच दिव्यावानी दिसंल."

मग दर बाजाराच्या दिवशी शाळेच्या मैदानात सराव. पटक्याच्या टोकाला अर्धी भरलेली पाण्याची बाटली बांधायची, म्हणजे फेक लांब जाते, आणि लांब ठेवलेल्या परातीवर नेम धरायचा. बायका लुगड्याचा पदर फेकायच्या. कुणी लाजली की अक्का शिट्टी मारायच्या. लग्नात, बसस्टँडवर, आळंदच्या बाजारात, कुठंही. कुणाचं पोर विहिरीच्या कठड्यावर चढलं की शिट्टी. एकदा वरातीत नवरदेवाची घोडी बुजली तेव्हा अक्कांनी शिट्टी मारली आणि बँड बंद पडला. नवरदेव उतरून आधी त्यांच्या पाया पडला.

*

आता येळवस. येळवस म्हणजे वेळ अमावास्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, त्या दिवशी आमच्या भागात घराला कुलूप आणि सगळं गाव रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, पांडवांची पूजा करायची, भज्जी, उंडे आणि आंबील खायची, आल्यागेल्याला खायला घालायची. आंबिलीची बिंदगी, म्हणजे घागर, घरातून रानात जाते ती मानानं. ती सांडणं म्हणजे वर्षाचा अपशकुन.

अक्कांनी काठावर बसून बसून एक गोष्ट हेरली होती. काहील डगमगली की माणसं पोराला धरत नाहीत, बिंदगीला धरतात. मुद्दाम नाही, हात आपोआप जातो. सगळे एका अंगाला झुकतात आणि पाणी आत येतं. म्हणून त्यांनी फर्मान काढलं, येळवसला बिंदगी काहिलीत बसणार नाही. ती कॅनच्या तराफ्यावर मागून ओढत न्यायची.

गाव खवळलं. आंबील काय शेपटीला बांधून न्यायची? त्या येळवसला सावकाराच्या घरच्यांनी तर काठावरच भांडण काढलं. घरची म्हातारी म्हणाली, "अक्का, पांडवांचा निवद हाय तो. तुमच्या बापाचा न्हाई."

"पांडवांना पव्हता येतंय. तुमच्या सुनेला येतंय का?"

शेवटी तडजोड झाली. बिंदगी आत राहील, पण प्रत्येकाच्या पोटाला कॅन. म्हातारीच्यासुद्धा. ती कॅन बांधून बसली तेव्हा गरोदर असल्यासारखी दिसत होती, आणि तसं कुणीतरी म्हटलंही.

म्हातारी, सून, नातू आणि फळी मारणारा गडी अशी चौघांची ती काहील काठापासून फार लांब गेली नव्हती. बिंदगी घसरली. घसरली म्हणण्यापेक्षा नुसती हलली. चार हात एकदम गेले, काहील एका अंगाला झाली आणि बघता बघता बुडाली. लोखंडच ते.

अक्कांची शिट्टी वाजली. सगळे पाण्यावर होते, कॅनमुळं. नातू रडत होता, म्हणजे ठीक होता. बाभळीखालून अक्का मोठ्यानं बोलत होत्या, "हात हलिवू नगा! कॅनवर निजा! आजे, आभाळाकडं बघ!" म्हातारे रांगेत उभे राहिले आणि पटके सुटले. लाल, पांढरे, गुलाबी पटके पाण्यावर लांबत गेले. म्हातारी आली, नातू आला, गडी आला, नांगर ओढल्यागत ओढून आणले. सुनेच्या हातात तात्यांच्या पटक्याचं टोक गेलंच होतं.

एवढ्यात बसूनं उडी मारली.

बसू म्हणजे बसवराज. दलातला एकुलता एक तरुण, पोहणारा, अक्कांचा जुना विद्यार्थी, म्हणून शपथेवर घेतलेला. त्यानं जाऊन सुनेला धरलं. तिनं घाबरून त्याच्या गळ्याला मिठी मारली. तिच्या हातातला पटका सुटला, कॅन सरकला आणि दोघं खाली गेले. वर आले, पुन्हा खाली गेले. तात्यांनी पटका ओढून परत टाकला. दुसऱ्या फेकीला तो बसूच्या हातात बसला. सगळ्या म्हाताऱ्यांनी मिळून दोघांना ओढून काढलं. एक जीव सहज येत होता, तिथं दोन जाता जाता राहिले.

बसू पाणी ओकत होता. अक्का बाभळीखालून उठून पहिल्यांदाच काठापर्यंत खाली आल्या. मला वाटलं त्याला जवळ घेतील.

"बिल्ला काढ," त्या म्हणाल्या.

"अक्का..."

"काढ. तुझ्या आयला मी काय सांगितलं असतं?"

आंबील तेवढी गेली. बाकी सगळे त्या दिवशी कुणा ना कुणाच्या कोपीत जेवले.

*

पण कुणीतरी फोनवर चित्रण केलं होतं, आणि फक्त उडीचं. त्याला गाणं लावलं आणि ते सगळीकडं फिरलं. फिरत फिरत किनाऱ्यावरच्या संस्थेत पोचलं. आमच्या विभागाचं काम बघणारे कॅप्टनसाहेब, त्यांचा फोन आला. असामान्य सेवेबद्दल बसवराजचा गौरव होणार. गुलबर्ग्याला समारंभ, जिल्ह्याचे मोठे साहेब पाहुणे.

मी आनंदानं उडीच मारली. मोठे साहेब समोर! पुलाची मागणी थेट व्यासपीठावरून! आणि अक्का म्हणाल्या, "त्याला मी दलातनं काढलंय. नगं म्हणून सांग."

"अक्का, असा मौका परत येणार नाही."

"आज त्याला पदक दिलात की फुडच्या येळवसला धा जण उड्या मारत्याल. त्यातले किती वर येत्याल?"

"आणि पूल झाला तर कुणालाच उडी मारावी लागणार नाही!" माझा आवाज चढला. मग जे मनात होतं ते बोलून गेले. "खरं सांगू? तुमच्यामुळंच पूल होत नाही. इथं कुणी मरत नाही म्हणून होत नाही. चार मेले असते तर केव्हाच झाला असता."

आणि मला अजूनही वाटतं, ते खोटं नव्हतं. अक्का उठल्या. मग आत जाऊन ताट वाढून आणलं. "जेव. रिकाम्या पोटी भांडू नये."

दुसऱ्या दिवशी त्या जायला तयार होत्या. का, ते सांगितलं नाही. बसूला निरोप पाठवला, सदरा इस्त्री करून ये. तात्यांना म्हणाल्या, तुम्हीबी चला.

*

गुलबर्ग्याचा तो हॉल. गार हवा, निळा पडदा, पडद्यावर जहाज. आमच्या म्हाताऱ्यांची रांग पटक्यांसकट पहिल्या ओळीत बसली, कारण तात्यांना मागून ऐकू येत नव्हतं. साहेब बसले. कॅप्टन उंच, पांढऱ्या मिशांचे, आवाजानं मऊ. सगळं कानडीत चाललं होतं. अक्का तीन भाषांत भांडू शकत, त्यामुळं मला चिंता नव्हती. उलट तीच चिंता होती.

बसू व्यासपीठावर उभा राहिला. कॅप्टन मानपत्र वाचू लागले. "स्वतःच्या जिवाची पर्वा न करता..."

शिट्टी वाजली.

बंद हॉलमध्ये ती शिट्टी कशी वाजते याची कल्पना करा. साहेबांच्या हातातला पेला सांडला. अक्का उभ्या राहिल्या होत्या.

"एवढं खोडा," त्या म्हणाल्या. "आमच्या दलात जिवाची पर्वा करावी लागते. त्यानं केली नाही म्हणून मी त्याला काढलंय. गौरव करायचा असेल तर खरं लिहून करा."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. कुणीतरी "बसा आजी" म्हणालं. कॅप्टननी हात वर करून त्यांना गप्प केलं. "तुमच्या मते खरं काय आहे?"

अक्कांनी बसूकडं बोट केलं. "तोच सांगेल. त्याला शाळेत खोटं बोलायला शिकवलं नाही मी."

बसूनं सदरा खाली ओढला. माईक त्याच्यापुढं आला. "मी उडी मारली, सर. मग मीच बुडालो. तात्यांनी ओढलं." त्यानं पहिल्या ओळीकडं बघितलं. "ताईच्या हातात पटका होता आधीच. मी गेलो नसतो तर ती आलीच असती."

पहिल्या ओळीतून तात्या मोठ्यांदा म्हणाले, "काय म्हणाला?" बायको असती तर तिनं कोपरखळी मारली असती; मी मारली.

कॅप्टननी तो कागद टेबलावर ठेवला. मग माईकवर, पण जणू एकट्या अक्कांशी बोलल्यासारखे म्हणाले, "आमच्या किनाऱ्यावर अशी पोरं गेलीत, बाई. मानपत्र मीच लिहिलं होतं. हेच शब्द होते." त्यांनी खिशातून पेन काढलं, ओळ खोडली, आणि तिथंच उभं राहून दुसरी लिहिली. ती वाचून दाखवली तेव्हा गौरव आमच्या अख्ख्या शाखेचा झाला होता: एकही जीव जाऊ न दिल्याबद्दल. पदक एकच होतं. बसूनं व्यासपीठावरून उतरून ते तात्यांच्या हातात दिलं. तात्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "हे कुठं अडकिवायचं?"

टाळ्या झाल्या. साहेबांनी हसत विचारलं, "आणखी काही मागणी?" अक्कांनी मला पुढं ढकललं. मी पूल मागितला. पाठ केलेलं सगळं भाषण एका दमात. साहेबांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "प्राधान्यक्रम असतो. आतापर्यंत मृत्यू किती?"

"एकही नाही," मी म्हटलं. पुढचं वाक्य मला ठाऊक होतं.

"मग अशा परिस्थितीत..."

"साहेब," अक्का म्हणाल्या, अगदी शांतपणे, वर्गात पोराला पाढा विचारावा तसं. "किती लागतात?"

"काय?"

"पुलाला. किती मेलेले लागतात? आकडा सांगा. गावात जाऊन विचारते, कोण कोण तयार आहे."

साहेबांनी मान खाली घातली. वाईट माणूस नसावा. कुणी त्याला हा प्रश्न विचारलाच नव्हता. मग म्हणाला, "मी येऊन बघतो."

"येळवसला या," अक्का म्हणाल्या. "जेवायलाच या."

येतो म्हणणारे साहेब मी पुष्कळ पाहिलेत. माझ्याकडं त्यावर एक अख्खं पत्रक आहे. पण हा आला. पोटाला तेलाचा कॅन बांधून काहिलीत बसला, दोन्ही हातांनी कड घट्ट धरून. कोपीत बसून त्यानं आंबील मागून घेतली, दोनदा. बसू काहील चालवत होता. त्याचा बिल्ला त्या सकाळी अक्कांनी परत लावला होता, नव्यानं शपथ घ्यायला लावून.

पूल अजून झालेला नाही. हे स्पष्टच लिहिते, उगीच कुणी साहेबाची आरती ओवाळायला नको. अक्काही आता गुडघ्यांमुळं उदगीरला लेकीकडं असतात आणि मोठी भरती असली की मला फोन करून सांगतात. पण त्या जाण्याआधी एका सकाळी मोजणीवाले आले. अलीकडच्या काठावर लाल खुणांचे दगड बसले. मग त्यांचा तरुण इंजिनियर पलीकडच्या दगडासाठी काहिलीतून निघाला. पाण्याच्या मधोमध पोचल्यावर त्याला काय वाटलं कोण जाणे, दोन्ही काठ नीट दिसावेत म्हणून तो दुर्बीण घेऊन ताठ उभा राहिला. काहील गरकन फिरली.

बाभळीखालून शिट्टी आली, आणि तिच्यामागून अक्कांचा आवाज, सगळ्या पाण्यावर ऐकू जाईल असा:

"ए साहेबा, बस खाली! उभं ऱ्हायचंय तर पूल बांध, आन् मग ऱ्हा!"